अमेरिकेतल्या ओढ्यांतले मासे घरच्या टाकीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-ठाण्याहून आलेले पाहुणे आमच्या टाकीसमोर उभे राहून विचारतात, "हे कुठले मासे गं? एकदम परदेशी दिसतात." गंमत अशी, की शेजारचे अमेरिकनही हेच विचारतात. त्यातले निम्मे मासे त्यांच्याच घरामागच्या ओढ्यातले असतात. मी मध्य ओहायोत राहते आणि गेली काही वर्षं इथलेच मासे पाळते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

"इथले मासे" म्हणजे नक्की कोणते?

उत्तर अमेरिकेतल्या नद्या, ओढे, तळी आणि दलदलींत मुळापासून राहणारे. अमेरिका आणि कॅनडा मिळून गोड्या पाण्यातल्या माशांच्या आठशेहून जास्त जाती आहेत. एकट्या टेनेसी राज्यात तीनशेच्या आसपास. गोल्डफिश, कोई, गप्पी, निऑन टेट्रा हे इथले नव्हेत. आपल्या कामाचे गट मोजकेच आहेत : तळाशी बसणारे डार्टर, शायनर आणि डेस (दोन्ही "मिनो" म्हणजे छोट्या, घोळक्याने राहणाऱ्या माशांतले), चपट्या अंगाचे सनफिश, किलीफिश (फ्लॅगफिश यांच्यातलाच) आणि थोडे चक्रम मासे. चक्रम म्हणजे पायरेट पर्चसारखे. या माशाचं गुदद्वार मोठेपणी सरकत सरकत गळ्यापाशी येतं. जेवणाच्या टेबलावर हे सांगू नये, हे मी अनुभवाने शिकले.

मग दुकानात का दिसत नाहीत?

दुकानातला बहुतेक माल उष्ण कटिबंधातला असतो, कारण सगळ्या टाक्या २५-२६ अंशांवर ठेवणं दुकानदाराला सोयीचं पडतं. थंड पाण्याच्या माशांसाठी वेगळी सोय कोण करणार? दोन अपवाद मात्र असतात. एक फ्लोरिडाचा फ्लॅगफिश. दुसरा कोपऱ्यातल्या टाकीत, मोठ्या माशांना खायला घालण्यासाठी म्हणून काही सेंटला विकला जाणारा नारिंगी "रोझी रेड". हा फॅटहेड मिनोचाच रंगीत प्रकार, अस्सल इथला मासा. त्याला खाद्य म्हणून न आणता पाळायला आणलं, तर नर दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली अंडी राखत बसतो आणि डोक्याच्या मऊ गादीने ती घासून स्वच्छ ठेवतो.

ओढ्यातून पकडून आणणं कायदेशीर आहे का?

तुम्ही कुठल्या राज्यात आहात आणि मासा कुठला आहे, यावर सगळं ठरतं. हा प्रश्न टाळून पुढे जाऊ नका. व्हिसावर राहणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

पहिली गोष्ट, बहुतेक राज्यांत मोठ्या माणसाला मासेमारीचा परवाना लागतो, मग हातात गळ असो की जाळी. दुसरी गोष्ट, कायद्याच्या नजरेत मासे दोन प्रकारचे. बास, ट्राउट, सनफिश हे "गेम फिश", म्हणजे गळाने धरायचे मासे. त्यांना जाळ्याने धरायला किंवा जिवंत घरी न्यायला कित्येक राज्यांत मनाई आहे. मिनो, शायनर, डार्टर यांना बऱ्याच ठिकाणी मोकळीक असते, पण जाळ्याची लांबी-रुंदी, माशांची संख्या आणि कुठल्या पाण्यात धरायचे, यावर बंधनं असतात. तिसरी गोष्ट, संरक्षित जाती. ब्लॅकबँडेड सनफिश न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये भरपूर मिळतो, पण व्हर्जिनियात तो संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. राष्ट्रीय उद्यानांत तर मासे घरी नेण्यासाठी जाळी टाकायचा विचारही नको.

यावर कडी म्हणजे १९०० सालचा लेसी कायदा. एका राज्याचा नियम मोडून पकडलेला मासा दुसऱ्या राज्यात नेला, तर तो केंद्राचा गुन्हा होतो. म्हणजे सुट्टीत केंटकीला गेलात आणि गाडीच्या डिकीतल्या बादलीतून चार डार्टर आणलेत, तर किरकोळ दंडावर भागेलच असं नाही.

मी काय करते? राज्याच्या वन्यजीव विभागाला ईमेल लिहिते. अमुक ओढा, अमुक जात, चार नग, हाताची जाळी, घरच्या टाकीत ठेवण्यासाठी, चालेल का? उत्तर छापून परवान्याबरोबर पिशवीत ठेवते. एकदा ओढ्यावर अधिकाऱ्याने हटकलं होतं. कागद पाहिला आणि मग पंधरा मिनिटं स्वतःच माशांबद्दल बोलत उभा राहिला.

पकडायचे नसतील तर?

घरी पैदास केलेले मासे घ्या. नवख्यांसाठी हाच उत्तम रस्ता. अलाबामा-जॉर्जियाकडचा रेनबो शायनर, पिग्मी सनफिश, फ्लॅगफिश हे पाळणाऱ्यांकडे वाढवलेले मिळतात. नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह फिशेस असोसिएशन ही १९७२ पासूनची संस्था आहे. तिचे सभासद आपसात माहिती देतात आणि शिबिरं भरवतात. गळाचं आमिष विकणाऱ्या दुकानातही मिनो स्वस्तात मिळतात, पण डब्यात कुठकुठल्या जाती एकत्र आहेत आणि कुठला रोग बरोबर आला आहे, याचा भरवसा नाही.

सुरुवात कोणत्या माशाने करू?

घरात गारवा असेल आणि लांबट टाकी असेल, तर सदर्न रेडबेली डेस. सात-आठ सेंटिमीटरचा मासा, अंगावर दोन काळे पट्टे, वसंतात पोट लालभडक. सहा-आठ जणांचा घोळका ठेवा. चुरा, गोळी, शेवाळ, काहीही खातो आणि कुणाशी भांडत नाही.

टेक्सास-फ्लोरिडाकडे राहत असाल, घर गरम असेल, तर फ्लॅगफिश. नराच्या अंगावर लाल रेघा आणि खांद्याशी गडद ठिपका, म्हणून अमेरिकेच्या झेंड्याचं नाव. केसांसारखं वाढणारं हिरवं शेवाळ तो आवडीने खातो. फक्त लांब पर असलेल्या माशांबरोबर ठेवू नका, कुरतडतो.

टेबलावर मावेल अशी छोटी टाकी असेल, तर एव्हरग्लेड्स पिग्मी सनफिश. जेमतेम तीन सेंटिमीटर. एरवी मातकट, पण विणीच्या काळात नर काळाकुट्ट होतो आणि त्यावर निळे ठिपके चमकतात. मादीसमोर अंग हलवत नाचतो, तेव्हा टीव्ही बंद करावासा वाटतो. अडचण एकच, त्याला जिवंत खाद्य लागतं.

डार्टरबद्दल फार ऐकलंय. एवढं काय आहे त्यात?

माझं मन इथेच अडकलंय, तेव्हा उत्तर लांबणार.

डार्टर फक्त उत्तर अमेरिकेत आहेत आणि जाती दोनशेच्या वर. बहुतेकांचं वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, अगदी लहान असतं किंवा नसतंच. त्यामुळे हे मासे पाण्यात तरंगत नाहीत, तळाशी बसतात. पुढच्या दोन परांवर रेलून, मान वर करून, डोळे फिरवत आजूबाजूला बघतात. मग एकदम झटका मारून दुसऱ्या दगडावर. वाहत्या पाण्यात ही सोय फार कामाची, कारण तळाशी दगडाच्या आडोशाला राहिलं की प्रवाह डोक्यावरून जातो. टाकीत मात्र वाटतं, की कुणीतरी ओट्यावर हात टेकून आपल्याकडे बघतंय.

ओहायोत जाळी घातली की हाती येतो तो रेनबो डार्टर. बोटाएवढा मासा. एप्रिलमध्ये नराच्या अंगावर निळे आणि नारिंगी पट्टे असे उजळतात, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी पाळीव मासा ओढ्यात सुटलाय. जॉनी डार्टर दिसायला साधा आणि पाळायला सोपा. मादी सपाट दगडाच्या खालच्या बाजूला उलटी होऊन अंडी चिकटवते आणि नर ती राखत बसतो. रेनबोची मादी उलट खडीत घुसून अंडी पुरते, त्यामुळे पिल्लं हवी असतील तर बारीक खडी हवी.

टाकी उंच नको, लांब हवी. तळाच्या जागेवर सगळं मोजायचं. इथे "ट्वेंटी लाँग" म्हणून मिळणारी, साधारण ७५ लिटरची, अडीच फूट लांब टाकी पाच-सहा डार्टरना पुरते. एका टोकाला छोटा पंप लावा, म्हणजे पाणी एका दिशेने वाहील. गोलसर धोंडे आणि वाळू एवढी सजावट बास. प्लास्टिकचा किल्ला मुलांनी घातलाच तर राहू दे, डार्टर त्यावरही बसतात.

सनफिश? आमच्या तळ्यात तर ढिगाने आहेत.

आहेत खरे, आणि देखणेही आहेत. पम्पकिनसीड आणि लाँगइअर यांच्यापुढे दुकानातले कित्येक महागडे मासे फिके पडतात. हुशारही असतात. आठवड्याभरात माणूस ओळखतात आणि हातातून खातात.

पण माझी चूक ऐका. सुरुवातीला हौसेने ब्लूगिलची चार पिल्लं एका लहान टाकीत ठेवली. चौथ्या महिन्यात एकच उरला. त्याने बाकीच्या तिघांना कोपऱ्यात कोंडून, परांच्या चिंध्या करून संपवलं. एक तर मोठ्या टाकीत एकटा सनफिश ठेवा, नाहीतर तीनशे लिटरच्या आसपासच्या टाकीत पाच-सहा एकत्र वाढवा, म्हणजे मार वाटला जातो. आणि ब्लूगिल वीतभर होतो, हे आधीच लक्षात घ्या. त्यापेक्षा ब्लूस्पॉटेड सनफिश बघा. सात-आठ सेंटिमीटरचा, शांत, काळसर अंगावर निळ्या चांदण्या. ७५ लिटरमध्ये दाट वनस्पती लावून चार-पाच सहज राहतात.

हीटर कितीवर ठेवायचा?

काढून टाका.

भारतातून आलेल्यांची ही हमखास चूक, आणि तीही मी केली आहे. माझ्या पहिल्या डार्टरना मी २६ अंशांवर ठेवलं. दोन दिवसांत ते काचेला टेकून धापा टाकायला लागले. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे अकरा मिलिग्रॅमच्या वर मावतो, २५ अंशांवर सव्वाआठच्या आसपास. त्यातून उष्म्याने माशाची स्वतःची गरज वाढते. खळाळत्या ओढ्यातल्या माशाला हे दोन्हीकडून मारतं. रेनबो डार्टर १५ ते २२ अंशांत मजेत असतो.

म्हणून टाकी बेसमेंटमध्ये. उन्हाळ्यात पारा चढला तर पाण्यावरून साधा पंखा फिरवा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. माठाचंच तत्त्व.

खरी मजा हिवाळ्यात आहे. इथल्या माशांना वर्षाचं ऋतुचक्र लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारी मी टाकी बिनहीटिंगच्या खोलीत १० अंशांच्या आसपास जाऊ देते, दिवाही जेमतेम आठ तास. मासे सुस्त होतात, थोडंसं खातात. मार्चपासून हळूहळू प्रकाश वाढवला, पाणी गरम होऊ दिलं, की तीन-चार आठवड्यांत रंग फुटतात. वर्षभर २२ अंशांवर ठेवलेले मासे जगतात, पण पुष्कळदा राखाडीच राहतात, आणि मालक म्हणतो, फोटोत दिसले तसे नाहीत बुवा.

पाणी कुठलं? नळाचं चालेल?

चालतं. मात्र इथल्या बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात. रात्रभर बादली भरून ठेवायची आपली जुनी युक्ती त्यावर चालत नाही. बाटलीतलं क्लोरीन घालवणारं औषध टाकाच. टाकीत उपयोगी जिवाणू रुजायला थंड पाण्यात जास्त दिवस लागतात, तेव्हा घाई नको. आधी दोन डेस, महिन्याभराने बाकीचे. आणि झाकण लावा. शायनर उडी मारतो. एक आम्हाला सोफ्यामागे सापडला होता, थेट दिवाळीच्या साफसफाईत.

ओढ्यातल्या माशाबरोबर रोग येतात का?

येतात, म्हणून वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवायचं. अंगावर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले तर घाबरू नका. तो एका परजीवीचा प्रकार आहे. त्याला आयुष्य पुरं करायला गोगलगाय आणि मासेखाऊ पक्षी दोन्ही लागतात. तुमच्या टाकीवर खंड्या येऊन बसत नसेल, तर तो पसरणार नाही. पांढरे ठिपके मात्र गंभीर, लगेच उपाय करा. अंगात रुतलेले दोऱ्यासारखे अँकर वर्मही तसेच.

खायला काय घालता?

डेस आणि सनफिश गोळ्या खातात. डार्टरला हलणारं हवं असतं. सुरुवातीला जिवंत ब्लॅकवर्म, मग गोठवलेल्या लाल अळ्या पंपाच्या झोतात सोडायच्या, म्हणजे त्या जिवंत वाटतात. आठवड्या-दोन आठवड्यांत ते शिकतात. उन्हाळ्यात मी अंगणात बादली ठेवते आणि डासांच्या अळ्या रोजच्या रोज गाळून टाकीत घालते. रोजच्या रोज, हे महत्त्वाचं. एकदा चार दिवस विसरले आणि सगळ्या गल्लीने भोगलं.

गप्पी किंवा निऑनबरोबर ठेवू का?

नको. एकाला गरम पाणी हवं, दुसऱ्याला गार. शिवाय सनफिशला निऑन म्हणजे फरसाण.

नको झाले तर ओढ्यात परत सोडू?

नाही. तुम्ही जिथून आणला त्याच ओढ्यातही नाही. टाकीत तो इतर माशांबरोबर राहिला, तिथले जंतू आता त्याच्या अंगावर आहेत. २००५ च्या सुमारास अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या महासरोवरांत (ग्रेट लेक्स) व्हीएचएस नावाचा विषाणू सापडला. माशांना आतून रक्तस्राव होऊन ते मरतात. जिवंत मासे इकडून तिकडे नेण्यावरचे नियम त्यानंतर कडक झाले. मासा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

मूळ ठिकाणाहून हललेला मासा काय करतो, याचं एक उदाहरण राजघराण्यातलं आहे. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो शिकागोला आले असता महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. त्यांनी ते संशोधनासाठी सरकारी खात्याकडे सोपवले. तिथून ते पसरले आणि बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांच्या मुळावर उठले. २००७ साली, सम्राट असताना, अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. गॅम्बुसिया हा अमेरिकेच्या दक्षिण भागातला मासा. डासांच्या अळ्या खातो म्हणून १९२८ साली भारतात आणला गेला आणि विहिरी-टाक्यांतून सोडला गेला. गावाकडे याला सरसकट "गप्पी" म्हणतात, पण गप्पी वेगळा, दक्षिण अमेरिकेतला. गॅम्बुसिया अळ्या खातो, त्याचबरोबर बेडकांची पिल्लं आणि स्थानिक माशांची अंडीही खातो. मी लहानपणी आजोळच्या विहिरीत ज्यांना भाकरीचा चुरा घालायची, ते हेच असावेत. पुढे इथल्या डबक्यात ते पुन्हा दिसले, तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

मग इथे मरळ पाळता येईल का?

नाही, विषयच संपला. २००२ साली मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळच्या कुळातला नॉर्दर्न स्नेकहेड सापडला. खाण्यासाठी बाजारातून आणलेले दोन जिवंत मासे एकाने तळ्यात सोडले होते. सरकारने विष घालून तळ्यातले सगळे मासे मारले. पाठोपाठ हे सबंध कूळ उपद्रवी ठरवून आयातीवर बंदी घातली. त्यात आपली मरळही आली. तरी २००४ पासून पोटोमॅक नदीत स्नेकहेड आहेतच.

भारतात परतताना इथले मासे नेता येतील?

त्या फंदात पडू नका. आयातीचे नियम बाजूला ठेवले तरी पुण्याच्या मे महिन्यात डार्टर एसी लावूनच जगवावा लागेल. आणि नेऊ नये ते कुणीतरी नेतंच. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात सफाई करताना अ‍ॅलिगेटर गार सापडला. मगरीसारख्या तोंडाचा, माणसापेक्षा लांब होऊ शकणारा हा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा मासा तिथवर पोहत गेला नव्हता. परत जाणाऱ्यांना मी सांगते, तिथले पाळा. जगभरच्या प्रयोगशाळांत ज्याच्यावर प्रयोग चालतात तो झेब्रा डॅनिओ आपल्याकडच्या ओढ्यांतला आहे.

एवढ्याशा माशांसाठी कुणाला काय पडलंय?

एका एवढ्याशा माशाने धरण अडवलं होतं. १९७३ साली डेव्हिड एट्निअर या प्राध्यापकाला लिटल टेनेसी नदीत स्नेल डार्टर सापडला. नदीवर टेलिको धरणाचं काम चालू होतं, आणि संकटग्रस्त जातींचा कायदा त्याच वर्षी झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७८ साली न्यायालयाने माशाच्या बाजूने कौल दिला. पण पुढच्याच वर्षी संसदेने धरणाला सूट दिली आणि दरवाजे बंद झाले. डार्टर दुसऱ्या नद्यांत हलवले गेले, आणखी काही ठिकाणी सापडलेही. २०२२ साली त्याला संकटग्रस्तांच्या यादीतून काढलं. आता काही संशोधक म्हणतात, की ही स्वतंत्र जात नव्हतीच. त्यावरून पुन्हा वाद पेटला आहे.

आमच्याच भागातल्या बिग डार्बी ओढ्यात सायोटो मॅडटम नावाचा छोटा शिंगटीसारखा मासा होता. सगळे मिळून अठरा नमुने सापडले, शेवटचा १९५७ साली. २०२३ साली तो नामशेष म्हणून यादीतून गेला. त्या ओढ्यात उतरले की मी अजूनही दगड उचलून बघते.

हे मासे खाता येतात का?

हा प्रश्न प्रत्येक कोकणी पाहुणा विचारतो. ब्लूगिल रवा लावून तळला तर फक्कड लागतो, काटे जपून. माझ्या टाकीतल्यांकडे बघू नका.

महिनाभर भारतात जायचं असेल तर?

हिवाळ्यात जा. १०-१२ अंशांच्या पाण्यात धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी बिघडत नाही. शेजाऱ्याला आठवड्यातून दोनदा बोलवा. खाद्याचा डबा त्याच्या हाती देऊ नका. मी पहिल्यांदा दिला, तर त्याने प्रेमापोटी रोज मूठभर घातलं. परत आले तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि तीन डेस गेले होते. आता तारखा लिहिलेल्या कागदाच्या पुड्या करून ठेवते, आपल्याकडे वैद्य देतात तशा, आणि डबा कपाटात कुलूपबंद. शेजारी बिचारा अजून विचारतो, एवढंच पुरतं का त्यांना?